शिसं मर्यादेबाहेर, तरी गांडुळं जिवंत? आधी तुलनेची माती बघा

प्रदूषित जागेच्या मातीत गांडुळं सोडून ती किती विषारी आहे हे बघणाऱ्या चाचणीबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी फाईल कोणी उघडली की काय असं वाटलं. एका नमुन्यात शिसं-जस्त मर्यादेच्या कितीतरी वर, तरी गांडुळं ठणठणीत. दुसऱ्यात सगळं मर्यादेत, तर मेली. खरं कोणाचं, रासायनिक अहवालाचं की गांडुळांचं, असं विचारलंय. दोघांचंही असू शकतं. रासायनिक अहवाल बहुधा एकूण धातू सांगतो. त्यातला किती मातीला घट्ट धरून बसलाय, हे गांडुळालाच कळतं. जिथे मेली त्या मातीची क्षारता, सामू (pH) आणि अमोनिया मात्र आधी तपासून घ्या. खारट मातीत ती प्रदूषणाशिवायही मरतात.

आमचं घोडं पेंड खात होतं ते तुलनेच्या मातीपाशी, म्हणजे नमुन्यातल्या गांडुळांची तुलना कोणत्या मातीतल्या गांडुळांशी करायची यापाशी. जवळचीच, त्याच पोताची पण स्वच्छ माती संदर्भाला घेऊ, असं आम्ही म्हणत होतो. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा हट्ट, कृत्रिम मातीच हवी. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती), १० टक्के पीट (अर्धवट कुजलेला दलदलीतला पाला). आमची जागा जड चिकणमातीची, सेंद्रिय कार्बन नावापुरता. साहजिकच प्रत्येक नमुन्यात गांडुळांची पिल्लं कृत्रिम मातीपेक्षा कमी निघाली, ज्या कोपऱ्यात कधी काही सांडलंच नाही तिथेसुद्धा! मग तो कोपराही खणून काढायचा आदेश. कृत्रिम माती ही चाचणी नीट चालली का हे बघायला असते, जागेचा निवाडा करायला नाही, असं लिहून लिहून थकलो. उत्तर ठरलेलं: 'पद्धतीत असंच आहे.' पैसा गेला, सुपीक थर गेला, सही करणाऱ्याचं काय गेलं?

असो. १४ दिवसांत मेली नाहीत यावर खूश होऊ नका. पिल्लं मोजणारी ५६ दिवसांची चाचणी माझ्या मते जास्त बोलकी. घाई असेल तर ४८ तासांची पळ काढण्याची चाचणी आहे, गांडुळं नमुन्याची माती सोडून पलीकडच्या मातीत जातात का ते बघणारी. पण तिथेही पात्राच्या अर्ध्या भागात संदर्भ मातीच लागते, म्हणजे पुन्हा तोच वाद. तो लेखी मिटवूनच नमुने काढा. माती धुऊन साफ करणार असाल तर धुतल्यावर परत चाचणी लावा, धुण्याच्या रसायनांचा अंश राहतो.

मी विषशास्त्रज्ञ नाही, तुमची जागाही पाहिलेली नाही. एक नक्की, गांडुळं जगली म्हणून शिशाची फाईल बंद करू नका. मुलांच्या हातातोंडावाटे माती पोटात गेली तर जठरातलं आम्ल त्यातलं शिसं सोडवू शकतं. तो धोका वेगळा मोजावा लागतो.