जुनं डायॉप्टर नव्या एअर रायफलवर बसवताना

अहो, घाबरू नका, काम अर्ध्या तासाचं आहे. डायॉप्टर म्हणजे डोळ्याजवळचं, बारीक छिद्रातून नेम धरायचं मागचं साइट. दहा मीटर नेमबाजीच्या बहुतेक मॅच रायफलींवर ११ मिमीची रेल (साइट बसवायची वरची पट्टी) असते, त्यामुळे जुनं डायॉप्टर सहसा बसतंच. आधी मात्र रायफल रिकामी आहे ना, हे स्वतः पाहा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

रेल आणि डायॉप्टरच्या क्लॅम्पची खाच कोरड्या कापडाने पुसा. जुन्या तेलाचा चिकट थर राहिला, तर दर शॉटला डायॉप्टर केसभर सरकतं आणि आपण दोष देतो ट्रिगरला. मी दोन आठवडे दिला होता! स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. ॲलन की दोन बोटांत धरली की पुरे. मनगटाचा जोर लावला की आटे गेलेच.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- डायॉप्टरसाठी मान पुढे ताणणं. गाल आधी टेकवा, मग डायॉप्टर डोळ्याकडे आणा.
- पुढची रिंग (नळीच्या टोकावरच्या साइटमधली) फार लहान घेणं. रिंगमधून लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरं मोकळं दिसू द्या.

डायॉप्टरचा कुठला नॉब मार कुठे नेतो ते पाच क्लिक फिरवून, तीन पेलेट (छर्रे) मारून बघा. आयरिस (छिद्र लहान-मोठं करणारा भाग), फिल्टर वगैरे सध्या डब्यातच राहू द्या.