ईसीजी नॉर्मल आहे, मग जीव का घाबरतो?

"ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, मग मला होतं ते काय नाटक आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो म्हणून डोंबिवलीच्या एका मुलाची केस सांगते (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात).

ऑफिस सीएसएमटीला, रोजची फास्ट लोकल. एकदा गर्दीत अचानक छाती धडधडायला लागली, घाम, हाताला मुंग्या, आता मरतोच असं वाटलं, कसाबसा ठाण्याला उतरला आणि बाकड्यावर बसल्यावर थोड्या वेळात सगळं शांत. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. त्यानंतर लोकल बंद. आधी रोज कॅब, मग वर्क फ्रॉम होम, मग तर वाण्याकडे जायलाही बायको सोबत लागायला लागली. आईने दृष्ट काढून झाली, मामा म्हणाले मन घट्ट कर. (हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडते, नका देऊ. घट्ट करायला तिथे स्क्रू नसतो.)

मी म्हटलं, रिपोर्ट पण खरे आणि तुम्हाला होतं ते पण खरं. हृदय ठणठणीत आहे, त्याला येणारा निरोप चुकीच्या वेळी येतोय. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोका वाटला की तो विचार करत बसत नाही, नसांमधून निरोप सुटतो, किडनीवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन येतं, ठोके वाढतात, श्वास जोरात होतो. त्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून मुंग्या आणि चक्कर, आणि माणूस मग त्या मुंग्यांनाच घाबरतो.

"म्हणजे नसा कमजोर आहेत का हो त्याच्या?" आईंनी विचारलं. नाही हो, उलट जरा जास्तच तत्पर आहेत.

गंमत अशी की बहुतेक चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये साधारण 20 नॅनोमीटरची फट असते आणि निरोप रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. ऑस्ट्रियात ग्राझला ओटो लोवी या शास्त्रज्ञांनी 1921 साली एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाला ठोके कमी करण्याचा निरोप नेणारी) विजेने चेतवली, ठोके मंदावले, मग ते हृदय ज्या द्रावणात होतं ते दुसऱ्या हृदयावर टाकलं तर तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, 1936 साली हेन्री डेल यांच्यासोबत नोबेलही मिळालं. बेडूक उगाच नाही आणला, तीच व्हेगस आपल्यातही आहे आणि श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. त्याला मनगटावर बोटं ठेवायला लावली, चार आकडे श्वास घ्या, सात आकडे सोडा. दोन-तीन श्वासांनंतर म्हणाला, "मॅडम, सोडताना ठोका लांबतोय." माझ्या सगळ्या बडबडीपेक्षा ते जास्त पटलं त्याला.

पण श्वासाने निम्मंच भागतं. खरी गोची उतरून पळण्यात होती. उतरला, बरं वाटलं, मेंदू शिकला की उतरलो म्हणून वाचलो, आणि दर वेळी टाळलं की तो दुवा आणखी पक्का. म्हणून आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, मग स्लो लोकलने कोपर, एकच स्टेशन, मग दिवा, मग ठाणे. अट एकच, धडधडलं म्हणून ठरलेल्या स्टेशनच्या आधी उतरायचं नाही, कारण पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग आपोआप ओसरतं. कोपरच्या वेळी रडकुंडीला आला होता बिचारा. सायकियाट्रिस्टची गोळीही चालू होती, तिला काही आठवडे द्यावे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटल्यावर मनानेच अचानक बंदही करू नका.

आता तो ऑफिसला जातो, फर्स्ट क्लासचा पास काढलाय. "परत कधीच होणार नाही ना?" आई विचारतात. होऊ शकतं. जुना दुवा पुसला जात नाही, नवा त्याच्यावर वरचढ होतो एवढंच, आणि झोप नाही, ताण आहे अशा दिवसांत जुना डोकं वर काढतो. तेव्हा श्वास लांब सोडायचा आणि गाडीतच थांबायचं.

आणि हो, हे सगळं तपासण्या झाल्यावरचं आहे बरं का. पहिल्यांदाच छातीत दुखतंय, जिना चढताना वाढतंय, डावा हात किंवा जबडा भरून येतोय तर पॅनिकच असेल म्हणून घरी श्वास मोजत बसू नका, आधी ईसीजी काढा.