फिलिपिनो घरात रोजचं वातावरण कसं असतं?

मला सगळ्यात आवडतं ते मानो. बाहेरून आलेलं पोरगं आजीचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावतं आणि म्हणतं "मानो पो", यातला पो म्हणजे आदर, आपण अहो-जाहो करतो ना तसाच, आणि मग आजी आशीर्वाद देते. आपल्या वाकून नमस्काराचीच आठवण येते.

सकाळी रात्रीचा उरलेला भात भरपूर लसूण घालून परततात, त्याला सिनांगाग म्हणतात, म्हणजे आपला फोडणीचा भातच समजा, फक्त हळद-मोहरी नाही. सोबत अंडं नाहीतर तुयो, म्हणजे खारवलेली सुकी मासळी, ती व्हिनेगरमधे बुडवून खायची. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच घरचा वाटेल बघा!

आणि जेवताना दारात कोणीही आलं तरी "काइन तायो", चला जेवू या, हे म्हणणारच. घरातलं कोणी दुबईला वगैरे नोकरीला असेल तर महिनोन्महिने साबण, चॉकलेट, टॉवेल जमवून मोठा बालिकबायान बॉक्स जहाजाने पाठवतात, तो उघडायला अख्खं घर जमिनीवर गोल करून बसतं.