फिल्टर बदलण्याआधी डिझेल बाटलीत धरा

हिडकल धरणातली तुमची लाँच पावसाळ्यानंतर अर्धा तास नीट चालते, मग रेस उतरून बंद पडते, फिल्टर बदलले तरी तेच, असं लिहिलंय तुम्ही. हाच त्रास मी कृष्णेत, चिकोडीच्या बाजूला भोगलाय. एअर काढणं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

फिल्टर उतरवण्याआधी सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळातलं डिझेल कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. पाणी जड, ते खाली बसतं, मधे स्पष्ट रेघ दिसते. रेघेवर काळपट, बुळबुळीत थर असला तर ते जंतू आणि बुरशी. मग टाकी उघडून तळ पुसून काढल्याशिवाय सुटका नाही, फिल्टर कितीही बदला. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, म्हणून लाँच उभी करताना टाकी भरून ठेवा. फिलर कॅपची रबर रिंगही बघा.

बाटलीचा एवढा आग्रह का, ते सांगतो. माझ्याकडे पाणी कॅनमधल्या डिझेलमधूनच आलं होतं. इंजेक्शन पंपाला, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल सोडणाऱ्या पंपाला, वंगण डिझेलचंच, त्यामुळे तो खलास झाला. मिस्त्रीनं घाईत सगळं डिझेल ओतून दिलं. बिल घेऊन तक्रारीला गेलो तर ऑफिसात म्हणाले, "नाव पलीकडच्या काठाची, इथं कशाला आलात? आणि नमुना कुठाय?" पलीकडे महाराष्ट्रात गेलो तर, "बिल कर्नाटकातलं, तिकडेच जा." हेलपाटे मारून चपला झिजल्या, कुणी एक ओळ लिहून दिली नाही. नदी एकच, डिझेल तेच, आणि सीमाभागातल्या माणसानं दाद मागायची कुणाकडे? अजून डोकं तापतं.

म्हणून पंपावर कॅन भरण्याआधी डेन्सिटी (डिझेलची घनता) दाखवा म्हणा, पंपाच्या टाकीत वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारी) लावलेली काठी बुडवायला सांगा. गिऱ्हाईकाला ते मागता येतं, संकोच नको. बिल आणि सीलबंद बाटली दोन्ही जपा.

मी मिस्त्री नाही, इंजिनच्या पुस्तकात फिल्टरचा मायक्रॉन (किती बारीक कण अडवतो त्याचं माप) दिला असेल तोच घ्या. पण माझं मत विचाराल तर टाकीजवळच्या पहिल्या फिल्टरला 2 मायक्रॉन लावू नये, घाण असली की लगेच तुंबतो. तिथं 10 किंवा 30 बरा, बारीक गाळणं इंजिनवरच्या फिल्टरवर सोडा. आणि बंद इंजिन खोलीत सेपरेटरची प्लास्टिकची वाटी उघडी ठेवू नका, आगीत ती वितळते. खाली धातूचं कवच हवंच.

उद्या सकाळी बाटलीचा फोटो टाका. रेघ किती वर आहे ते बघून टाकी उघडायची की नाही ते सांगतो.