'सुरक्षा सल्लागार मंडळ' आणि सल्ल्याचे कूळ

सीताबर्डीच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, 'राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ' म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हाताखालचे मंडळ, की सुरक्षेविषयी सल्ला देणारे मंडळ? दुसरा अर्थ बरोबर. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे एका व्यक्तीचे पद आहे आणि २०१४ पासून ते अजित डोभाल यांच्याकडे आहे. मंडळात मात्र निवृत्त अधिकारी व अन्य जाणकार असतात आणि ते १९९८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेला दूरगामी प्रश्नांवर मत देते. एप्रिल २०२५ मध्ये मंडळाची पुनर्रचना होऊन आलोक जोशी अध्यक्ष झाले, तेव्हा 'देशाला नवे सुरक्षा सल्लागार मिळाले' असे नागपुरात भल्याभल्यांच्या तोंडून ऐकावे लागले. त्याहून असह्य वाक्य म्हणजे 'सल्लागार मंडळाने आदेश दिले'. आदेश देतो तो सल्लागार कसला? संकटकाळी केंद्रीय खात्यांचा समन्वय साधते ती मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय संकट व्यवस्थापन समिती, आणि ती वेगळी.

'मंडळ' सोपे आहे, ते सोडून देऊ. खरी गंमत 'सल्ल्या'त आहे. अरबीत 'सलाह' म्हणजे भलेपणा, क्षेम. त्याच धातूचा 'सुल्ह' म्हणजे तह, आणि त्याच धातूची 'मस्लहत' म्हणजे हिताची गोष्ट, जी मराठीत 'मसलत' झाली. म्हणजे 'सल्लामसलत' या जोडशब्दातली दोन्ही पदे सख्खी भावंडे आहेत! जुन्या मराठीत 'सल्ला' तहाच्या अर्थानेही येतो, त्यामुळे दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०३ साली इंग्रजांशी केलेल्या देवगावच्या तहाला एखाद्या बखरकाराने 'सल्ला' म्हटले असते, तर त्याची भाषा चुकली नसती. 'गार' हा फारसी प्रत्यय 'मददगार'मधलाच.

'सलोखा' हा शब्द कोशकार 'सुलूक', म्हणजे वर्तन, या वेगळ्या धातूच्या शब्दापाशी नेऊन तिथेच थांबतात. मला हे अपुरे वाटते. रूप सुलूकाचे असेल, पण नुसत्या 'वर्तना'ला मराठीत गोडी आली कुठून? माझ्या मते 'सुल्ह' आणि तहवाचक 'सल्ला' यांच्या शेजारामुळे. ध्वनी जवळचे असले की अर्थ एकमेकांत झिरपतात, हे निव्वळ धातू मोजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची परंपरा सांगून 'सल्लागार'ऐवजी 'मंत्रणा मंडळ' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी स्वतःच्याच शब्दाकडे नीट पाहावे. 'मंत्रणे'त गुप्ततेचा भाव मुरलेला आहे, आणि के. सुब्रह्मण्यम निमंत्रक असलेल्या पहिल्या मंडळाचा अण्वस्त्रधोरणाचा मसुदा तर ऑगस्ट १९९९ मध्ये जाहीरपणे प्रसिद्ध झाला होता.