दोन सजद्यांच्या मध्ये

बेटा, अस्सलामु अलैकुम.

जुम्याच्या, शुक्रवारच्या नमाजेनंतर दूध बाजारात तू म्हणालास, "पाचही वक्तांच्या नमाजा होतात, पण आत काही हलत नाही." आणि लगेच बेत सांगितलास: तहज्जुद, म्हणजे रात्री उठून पढायची नमाज, सुरू करतो, रोज कुराणाचा एक पारा (तिसावा भाग) वाचतो, चाळीस दिवस तब्लीगच्या, धर्मप्रसाराच्या जमातीत जातो. चांगलंच आहे सगळं, पण आत्ता नको. आधी थांबायला शीक.

कुराणातली 107वी सूरह (अध्याय), अल्-माऊन, अवघ्या सात आयतींची (वचनांची). तिच्यात ज्यांची खराबी सांगितली आहे ते नमाज पढणारेच आहेत, पण आपल्या नमाजेबाबत गाफील. तुला नेमकं हेच झालंय. जीभ सवयीने चालते. दर रकातीला, नमाजेच्या दर फेरीला, सूरह कौसर नाहीतर इख्लास, कारण त्या लहान!

तुझी नमाज बघून जीव कळवळतो. रुकूतून, कमरेत वाकलेला, उठतोस, पण पाठ सरळ व्हायच्या आत सजद्याकडे, कपाळ टेकायला, निघतोस. म्हणजे कौमा, ते सरळ उभं राहणं, गेला. दोन सजद्यांमधला जलसा, ती बैठक, नुसता टेकल्यासारखा. सजद्यात पाय अधांतरी. सात हाडं जमिनीला लागायला हवीत: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. आपल्या हनफी मसलकात (पंथात) हा ठहराव वाजिब, म्हणजे आवश्यक आहे, हौस नव्हे. निदान एकदा सुब्हानल्लाह म्हणण्याइतका वेळ प्रत्येक सांधा जागेवर स्थिरावला पाहिजे. बुखारीच्या संग्रहातली हदीस, रसूलुल्लाहंची ती हकीकत, तुला पाठ आहे, घाईने पढणाऱ्याला रसूलुल्लाहंनी (स.) तीनदा परत पाठवलं, "जा, पुन्हा पढ, तुझी नमाज झालीच नाही." त्याला जास्त रकाती पढायला नाही सांगितलं. थांबायला सांगितलं.

म्हणून फजरच्या, पहाटेच्या नमाजेतल्या दोन सुन्नत रकातींपासून धर. घरी, एकट्याने; मागे इमामाची गती नाही, पुढे सातपूरची शिफ्ट नाही. रुकूत तीन तसबीह (अल्लाहची स्तुती), तिन्ही सुट्या. 'रब्बना लकल हम्द' (हे रब, स्तुती तुझीच) पूर्ण उभं राहून, खाली जाता जाता नाही. जलशात बसून 'रब्बिग्फिर ली' (हे रब, मला माफ कर), मगच दुसरा सजदा. पंधरा दिवस एवढंच. मग दुपारची जोहर. तिसऱ्या प्रहराची असर सगळ्यात शेवटी, कारण चहाच्या सुट्टीतले ते चार फर्ज (सक्तीच्या रकाती) तू हमखास घाईत उरकणार.

काही दिवसांनी याचीही सवय होईल आणि मन पुन्हा भटकेल. तेव्हा सूरह बदल. सूरह अस्र घे, तीनच आयती, पण आदल्या रात्री मराठी अर्थ वाचून झोप.

लोक म्हणतात, मी कवायतीवर अडून बसतो, दिलाचं काही बोलत नाही. म्हणू देत. ज्याची पाठ अल्लाहसमोर क्षणभर सरळ राहत नाही, त्याच्या दिलाची हालत मी वेगळी काय विचारू? मला हे फार उशिरा उमगलं, आणि गेलेल्या नमाजा परत येत नाहीत. म्हणून तुझ्या मागे लागलोय, रागावू नकोस.

पुढच्या जुम्याला जरा लवकर ये. फर्जआधीच्या चार सुन्नती माझ्या शेजारी पढ. मला तुझा जलसा बघायचाय.