पीपीसीत आणखी राख? आधी गोणीवरचा आकडा वाचा

तुम्ही विचारलंय, घराच्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये राख घालू का? ठेकेदार म्हणतो, चौथा हिस्सा सिमेंट कमी करून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख घालू, पैसे वाचतील. राखेला मुळीच नावं ठेवत नाही. आपल्या घाटघरच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे. पण तुम्ही लिहिलंय की सिमेंट पीपीसी, म्हणजे राखमिश्रित आहे, आणि गोम तिथेच आहे.

पीपीसीत कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते. नेमका आकडा गोणीवर छापलेला असतो, बघा. समजा ३० टक्के आहे. त्यातलं पाव सिमेंट काढून राख घातली की एकूण राख ४७.५ टक्के झाली! धरणाच्या जाड काँक्रीटला हे चालतं. तिथे उष्णता कमी निघायला हवी असते आणि ताकद यायला महिनोन्‌महिने मिळतात. तुमच्या पाच इंची स्लॅबखालची सेंट्रिंग तितकी थांबणार आहे का?

राख स्वतःहून आवळत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून चुना सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका सावकाश जुळते आणि छिद्रं बुजतात. म्हणून तर खाऱ्या हवेत असं काँक्रीट चांगलं टिकतं. पण सिमेंटच कमी केलं तर चुना कमी सुटतो, आणि उरलेली राख नुसती भरताड.

शिवाय राख कुठली? चिमणीआधी ईएसपीत, म्हणजे धुरातली राख विजेने ओढून घेणाऱ्या यंत्रात, पकडलेली कोरडी, बारीक राख हवी. केंद्राच्या राख साठवायच्या बंधाऱ्यातल्या राखेत भट्टीच्या तळाची जाड राखही असते. ट्रॉलीत उघडी, ओलसर येत असेल तर सरळ परत पाठवा. आयएस ३८१२ या राखेच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणीचा कागद मागा. त्यात जळून घटणारं वजन ५ टक्क्यांच्या आत हवं. न जळलेला कोळसा जास्त असला की तो ॲडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायचं रसायन, पिऊन टाकतो.

राख घालायचीच असेल तर ओपीसी, म्हणजे राख नसलेलं साधं सिमेंट घ्या आणि काँक्रीट आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवरून, प्रमाण डिझाइन करून मागवा. साइटवर घमेल्याने मोजून हे काम होत नाही. राखेचं सापेक्ष घनत्व साधारण २.२, सिमेंटचं ३.१५. घमेल्याला घमेलं म्हणजे वजनाचा हिशेब गेलाच.

पीपीसी असो वा राख घातलेलं ओपीसी, पाणी मारायला आळस नको. काँक्रीटचा कोड आयएस ४५६ किमान १० दिवस सांगतो, शिफारस १४ ची. जळगावच्या उन्हात मी १४ च धरीन, तेही आळी करून पाणी साठवून. सेंट्रिंग काढायचे कोडमधले दिवस साध्या ओपीसीसाठी आहेत, तुमचे इंजिनिअरकडून वाढवून घ्या. ७ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) जरा कमी दिसला तर घाबरू नका, २८ दिवसांचा बघा.

राखेतून पैसे वाचवायचेच असतील तर भिंतींना राखेच्या विटा घ्या. आणि ठेकेदाराला एवढं विचारा, की सिमेंटचे वाचणारे पैसे तो तुमच्या बिलातून वजा करणार आहे का?